आकाशातला उजेड

मालवणच्या एसटी स्टँडवर देवबागची गाडी लागायची होती. माझ्या मागच्या बाकावर एक म्हातारा मच्छीमार आणि त्याची शेजारीण बोलत बसली होती.

“भिकाजीकाकानू, तुमच्याकडे सरकारी गाडी इल्ली म्हणतत?”

“तीन इल्ल्यो गो. दिल्लीसून साहेब इलो.”

“कित्याक?”

“माका दर्यात उजेड दिसलो, तेची चौकशी.”

“तो एलईडी बोटींचो? दिवे लावन सगळी मासळी ओढून नेतत, तो?”

“तोच. आमची जाळी रिकामी येतत म्हणान दोन वर्सां अर्ज केलंय. एक शिपाय फिरकलो नाय.”

“मगे आता कसे इले?”

“ह्या खेपेक मोबाईलवर फॉर्म भरलंय. उजेड पाण्यात दिसलो काय आकाशात, ता दाबूचा होता. चष्मो घराक रवलो, आंगठो पडलो आकाशार.”

“अरे देवा! म्हणजे उडती तबकडी?”

“व्हय. आता सगळी सरकारां तबकड्यांचा मनार घेतत म्हणे. साहेबान चाय पण घेतल्यान नाय. रंग कसो, आवाज इलो काय, सगळा लिवन घेतल्यान.”

“आणि तुमी गप रवलात?”

“नाय गो. बोट आसा म्हणान सांगलंय, नंबर पण दिलंय.”

“मगे?”

“पेन खिशात घातल्यान. म्हणालो, ‘ओळख पटली ना काका, मग हा आमचा विषय नाही. तुम्ही रीतसर अर्ज करा.’”

“आता काय करतलात?”

“परत फॉर्म भरतलंय. ह्या टायमाक चष्मो लावन आकाशच दाबतलंय.”