देव वगळण्याची मुभा

(न्यूरी, उत्तर आयर्लंड. सप्टेंबर २०१०. स्वयंपाकघरातलं टेबल. अठरा वर्षांची कौमुदी, तिची आई उर्मिला, आणि मुलगा राजीव गेल्यानंतर सहा महिन्यांनी साताऱ्याहून आलेले आजोबा.)

आजोबा : म्हणजे देव वगळता येतो?

कौमुदी : हो. ब्रिटिश नागरिकत्वाच्या शपथेचे दोन नमुने आहेत. एकात देवाला स्मरून, दुसऱ्यात नुसती प्रतिज्ञा. आपल्याला हवा तो निवडायचा.

आजोबा : आणि राणी?

कौमुदी : राणी दोन्हीत आहे.

आजोबा : व्यवस्था चोख आहे. परमेश्वर ऐच्छिक विषय, राणी अनिवार्य. पुढे वाच.

कौमुदी : राणी, तिचे वारस आणि... सक्सेसर्स... यांच्याशी मी निष्ठावंत राहीन.

आजोबा : उत्तराधिकारी. जे अजून जन्मलेलेही नाहीत. लग्नातसुद्धा इतकं मागत नाहीत, पोरी.

उर्मिला : अप्पा, उद्या सकाळी दहाला तिला तिथे उभं राहायचंय. चेष्टा पुरे.

आजोबा : चेष्टा मी करत नाहीये. चेष्टा छापील आहे, मी फक्त वाचून घेतोय.

कौमुदी : दोन वर्षांपूर्वी लंडनमध्ये कुणी मोठे वकील म्हणाले होते, शाळा सोडणाऱ्या प्रत्येकाने ही शपथ घ्यावी. आमच्या हिस्ट्रीच्या बाई म्हणाल्या, न्यूरीत घेऊन दाखवा! स्वतःला आयरिश मानणारा अर्धा वर्ग उठून जाईल आणि उरलेला त्यांच्या मागे धावेल. काय हसलो होतो.

आजोबा : पुढे काय झालं त्याचं?

कौमुदी : काही नाही. बारगळलं.

आजोबा : सगळ्यांचं बारगळलं, तुझं तेवढं राहिलं. ती तुझी मैत्रीण, शेव्हॉन, ती घेते का शपथ?

कौमुदी : तिला कशाला? ती इथेच जन्मली. तिच्याकडे आयरिश पासपोर्ट आहे. ती तर पाकिटावर राणीचं तिकीट मुद्दाम उलटं चिकटवते.

आजोबा : छान. जिला नाही म्हणता येतं, तिला कुणी विचारत नाही. जिला नाही म्हणता येत नाही, तिच्याकडून वदवून घेतात. ही निष्ठा नव्हे, कौमुदी. ही हजेरी आहे. माझे वडील, बाळासाहेब, संस्थानच्या शाळेत...

कौमुदी : इंग्रज बादशहाच्या वाढदिवशी निष्ठेची शपथ म्हणायला तोंड उघडलं नाही. तेरा वर्षांचे होते. शाळेतून नाव काढलं. माहितीये. बाबा सांगायचे.

आजोबा : राजीव सांगायचा?

कौमुदी : दर वर्षी. स्वतः शपथ घेऊन आले त्या दिवशीही सांगितलं.

आजोबा : ...याच बेटावर, एकोणीसशे बावीस साली, अशाच एका शपथेच्या वाक्यावरून सख्ख्या भावांनी एकमेकांवर गोळ्या झाडल्या. मी हे तीस वर्षं शिकवलंय.

कौमुदी : तुम्ही आणि बाबांनी नुसता फोन बंद केला.

उर्मिला : कौमुदी!

आजोबा : बोलू दे. फक्त तपशील दुरुस्त कर. फोन मी बंद केला. त्याने नाही.

कौमुदी : आजोबा, तुम्ही नको म्हणा, मी नाही जाणार. प्रॉमिस.

उर्मिला : नको म्हणा, अप्पा. खुशाल म्हणा. पत्र आल्यापासून तीन महिन्यांत शपथ घ्यायची असते, सोमवारी मुदत संपते. अर्ज रद्द. पण त्याआधी एक ऐका. अठराच्या आतल्या मुलांना शपथ नसते.

आजोबा : म्हणजे?

उर्मिला : म्हणजे आमच्यामागोमाग हिचा अर्ज गेला असता, तर हिला काही म्हणावंच लागलं नसतं. पंधरा वर्षांची होती. टपालाने कागद आला असता.

आजोबा : मग का नाही पाठवला?

उर्मिला : तुमचं पत्र आलं. ‘तू गुडघे टेकलेस ते टेकलेस, मुलीला टेकायला लावू नकोस.’ त्यांनी अर्ज भरून ठेवला होता, सही करून. पत्र वाचलं आणि अर्ज खणात टाकला. मी विचारलं की म्हणायचे, अप्पांचा राग जाऊ दे, मग बघू.

आजोबा : किती दिवस?

उर्मिला : सव्वादोन वर्षं. या जानेवारीत काढला. डॉक्टर होते, स्वतःचे रिपोर्ट वाचता येत होते. म्हणाले, माझ्यामागे तुम्ही दोघी दोन देशांच्या राहायला नकोत. पोस्टात स्वतः टाकून आले. मार्चमध्ये गेले. मेमध्ये हिला अठरा पूर्ण झाली. जूनमध्ये मंजुरीचं पत्र आलं, शपथेसकट.

आजोबा : हे मला कुणी कळवलं नाही.

उर्मिला : कुठे कळवणार? फोन बंद होता.

कौमुदी : आई, बस ना.

आजोबा : नाही, तिचं बरोबर आहे. मी तुला वाचवायला निघालो होतो, पोरी. ज्या वाक्यापासून वाचवायचं, नेमकं तेच तुझ्या तोंडी घातलं. विद्यार्थ्याने असा युक्तिवाद मांडला असता तर मी नापास केला असता.

कौमुदी : मग... जाऊ मी?

आजोबा : जा. ते वाक्य वाईट आहे. उद्याही वाईटच असेल. पण ते राजीवने पोस्टात टाकलंय.

कौमुदी : दोन पाहुणे आणता येतात. आई आहे. एक जागा आहे.

आजोबा : राजीवच्या वेळी कोण होतं?

कौमुदी : कुणीच नाही. माझी परीक्षा होती, आई ड्यूटीवर. एकटेच गेले. येताना चिप्स घेऊन आले. कसं झालं विचारलं तर म्हणाले, ग्रँड.

आजोबा : ग्रँड म्हणजे?

कौमुदी : इथे कशालाही म्हणतात. ठीकच नसलं तरी.

उर्मिला : अप्पा, तिथे राणीचं गीत लावतात. सगळे उभे राहतात. तुम्ही काही करू नका तिथे.

आजोबा : मी काही करणार नाही. बसून राहीन. म्हाताऱ्याचे गुडघे दुखतात, सांग त्यांना.

कौमुदी : आणि मी म्हणताना?

आजोबा : तू म्हणशील तेव्हा उभा राहीन. राजीव म्हणत होता तेव्हा मी पत्र लिहीत बसलो होतो.