पान उघडलं

नालासोपाऱ्यातल्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात जयवंती बाकावर बसली होती. अर्नाळ्याची लग्नगाणी ती रोज फोनमध्ये एका साइटवर ऐकायची, पण परवापासून ते पानच उघडत नव्हतं, म्हणून फोन दाखवायला आणला होता. शेजारी एक मुलगा आणि मुलगी बोलत बसले होते.

“पेज नॉट फाउंड का येत होतं, कळलं एकदाचं. मी साइटची जी नवीन फाइल चढवली, तिचं नाव वेगळं होतं गं, म्हणून साइटचा पत्ताच बदलला.”

“मग काय केलंस, कौस्तुभ?”

“जुनंच नाव दिलं. सर्व्हरवरचं आधीचं ॲप्लिकेशन फोल्डरसकट उडवलं आणि हे टाकलं. आत्ताच उघडलं, एकदम मक्खन!”

“फोल्डरसकट?”

“हो. का?”

“गाण्यांची रेकॉर्डिंग त्याच फोल्डरमध्ये होती.”

“मस्करी नको, ऋतिका.”

“मस्करी करतेय असं वाटतंय तुला? बॅकअप घेतलास ना?”

“डेटाबेसचा घेतला.”

“त्यात नुसती नावं आहेत रे! बाप रे, सगळी गाणी गेली?”

“थांब, रडू नको. अर्नाळ्याला जाऊ, त्या मथुराआजींकडे. परत गातील, त्यात काय!”

“काकू, फोन चांगला आहे तुमचा,” दुकानदार म्हणाला. “हे बघा, उघडलं पान.”

जयवंतीने ‘मथुरा’ या नावावर बोट दाबलं. पुन्हा दाबलं. फोन कानाला लावून बघितला. मग ती त्या दोघांकडे वळली.

“मथुरा माजी आय. रविवारी या घरी. वर्षश्राद्ध हाय तिचं.”