चार अंश

नाही, नाही, साहेब, चहा नंतर. आधी ऐका — ही बाग काढून वाहनतळ करायचा की नाही, ते तुमच्या अहवालावर ठरणार ना? मग बसा. असे, बाकाच्या त्या टोकाला. हां. तर ही बाग रस्त्यापेक्षा नऊ अंशांनी थंड असते. जन्मभर पदार्थविज्ञान शिकवलंय मी, उगाच बोलत नाही. म्हणजे, तसं उगाचही बोलतो, असं आमच्या हिचं मत आहे — पण हे नाही! एक थर्मामीटर या झाडाला, दुसरा समोर आमच्या खिडकीबाहेर. दोन्ही सावलीत. पण झाड नुसती सावली देत नाही हो, पानांतून पाणी सोडतं, त्याची वाफ होताना हवेतली उष्णता ओढली जाते. डांबराला जमेल का हे? डांबर दिवसभर तापणार आणि रात्रभर आपल्याला शेकणार.

नऊ जास्त वाटतात? मलाही वाटले. म्हणजे, आधी नाही वाटले, आधी मी सगळ्या इमारतीला सांगत सुटलो. मग काल मेहुणा आला, खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि खो-खो हसायलाच लागला — थर्मामीटर नेमका आमच्या एसीच्या गरम झोताच्या तोंडाशी! ही दुपारभर एसी लावून झोपते आणि मला इथे पिटाळते, म्हणते, तुमच्या बडबडीनं खोली तापते — जाऊ द्या. हे कशाला सांगतोय मी? हिनं दारातच बजावलं होतं, 'नऊ सांगा आणि गप्प बसा.'

आज सकाळी हलवला तो. आता चार भरतात. चारच. कमी आहेत का हो चार? ताप आलेल्या माणसाला विचारा ना, एक अंश म्हणजे काय ते! पण मी घालवलीच ना बाग? काय लिहिताय? चार? लिहा. खरेच आहेत ते —

थांबा. तुम्ही त्या टोकाला बसला होतात ना? आता माझ्या मांडीवर यायचे तेवढे राहिलात! ऊन पुढे सरकतंय आणि तुम्ही त्याच्यापुढे. हेही लिहा की! नाही लिहायचं? बरं. मग उठा, रस्त्यापलीकडे तुमचा जुना वाहनतळ आहे, तिथल्या कठड्यावर बसा आणि अहवाल तिथेच पुरा करा. सावकाश. घाई नाही.

जा ना. अहो, उठा की — साहेब?