पातेली एक, मांडव दोन

संथ कॉम्प्युटरचे उपकार मानणारा दुकानदार बघायचाय? हा तुमच्यासमोर चहा पितोय.

लग्नाची भांडी भाड्यानं द्यायची आमची दोन दुकानं. केडगावात मी, बेलापूरला धाकटा भाऊ. बुकिंगची फाईल माझ्या कॉम्प्युटरवर, नेटवरून ती त्यालाही उघडायची. पण एकजण लिहीत असला की दुसऱ्याला लॉक, थांबायचं. भाऊ वैतागला. "दादा, लॉकच काढून टाकू!" काढलं. फाईल झटक्यात उघडू लागली.

मग एकदा दोघांनी एकाच वेळी, एकाच तारखेचं बुकिंग लिहिलं. त्याचं नंतर सेव्ह झालं, माझं पुसलं गेलं. लग्नाच्या सकाळी मोठी पातेली बेलापूरच्या मांडवात, आणि केडगावात मुलीचे वडील एकनाथकाका रिकाम्या चुलीपाशी.

मी हात जोडले. काका म्हणाले, "आमचं लगीन संध्याकाळचं हाय. तिकडची पंगत उठू द्या, मग आना. तवर पाव्हन्यांना चहा-पोह्यावर धरतो."

परवा काका धाकटीच्या लग्नाचं बुकिंग करायला पुन्हा माझ्याकडेच आले. लॉक आता चालू, भाऊ तिकडे लिहीत होता.

"शेठ, लई येळ लावतंय हो तुमचं मशीन!"

"लावू द्या काका," मी म्हटलं, "तवर तुम्हाला चहा-पोह्यावर धरतो."