सकाळच्या ओरडण्याबाबत

जबाब देणार: चष्मेवाल्यांची एकुलती एक मुलगी, वय १६ वर्षे, धंदा शिक्षण, इयत्ता अकरावी, राहणार चष्म्याच्या दुकानावरचा मजला. सोबत आई, वय ४१ वर्षे, धंदा तेच दुकान.

समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी आई आणि बाबांसोबत राहत होते. आता आईसोबत राहते. मागच्या मंगळवारी सकाळी बाबांनी घरात आत्महत्या केली. मी कॉलेजात होते, आई खाली काउंटरवर होती. शुक्रवारी माझ्या काकांनी इथे येऊन तक्रार दिली की, वहिनीच्या रोजच्या छळाला कंटाळून भावाने जीव दिला. ती तक्रार मला वाचून दाखवली. त्यावर माझं म्हणणं असं आहे.

गेल्या दोन वर्षांत काका आमच्याकडे एकदा आले, तेही चष्मा बदलायचा होता म्हणून. बाकी सगळी माया फोनवरून. त्याला फिरायला पाठव, त्याला हसतं ठेव, असं ते आईला सांगायचे. उंटावरून शेळ्या हाकण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. जबाब लिहून घेणाऱ्या बाई म्हणाल्या की हे वाक्य इथे लागत नाही. मी म्हटलं, लागतं. त्यांनी लिहिलं आहे.

हेच काका बाहेर सगळ्यांना सांगतात की भाऊ हार्ट अटॅकने गेला. म्हणजे नातेवाइकांत अटॅक आणि पोलिसांत छळ. आत्याने मला बाजूला घेऊन विचारलं की मैत्रिणींना काय सांगितलंस. खरं ते सांगितलं, असं मी म्हटल्यावर तिने कपाळाला हात लावला. भाऊ गेल्यापेक्षा तो कसा गेला हे लोकांना कळलं याचंच तिला जास्त दुःख आहे, असं माझं मत आहे.

छळाबाबत विचारल्यावरून सांगते की, आई रोज सकाळी बाबांवर ओरडायची हे खरं आहे. उठा, दाढी करा, खाली चला. समोरच्या शिंप्याच्या दुकानापर्यंत ऐकू जायचं. शिंप्याने तसं सांगितलं असेल तर तो खोटं बोललेला नाही, त्याला फक्त अर्धंच माहीत आहे. बाबा आजारी होते. आठ महिने त्यांना मनाच्या आजाराच्या गोळ्या चालू होत्या. दिवसभर अंथरुणात राहू देऊ नका, थोडं तरी काम करू द्या, असं डॉक्टरांनी आईला बजावलं होतं. डॉक्टरांचे कागद सोबत आणले आहेत. पुढे काच कापताना बाबांचा हात थरथरायला लागला, तेव्हा आई स्वतः मशीनवर बसायला शिकली. मागे बसून ती काच कापायची, फ्रेममध्ये बसवायची आणि गिऱ्हाईक आलं की चष्मा बाबांच्या हातात द्यायची, त्यांनीच केला असं वाटावं म्हणून. लोक बाबांच्या हाताचं कौतुक करायचे. काकांनी आत्ता नाकावर लावलेला चष्मा आईने कापलेला आहे. त्यांना तो बाबांचा वाटतो.

त्या मंगळवारी आई ओरडली नाही. बाबा आपणहून उठले, दाढी केली आणि म्हणाले, "तू हो पुढे, मी येतोच." आई खुशीत खाली गेली. मीही खुशीत गेले. त्या सकाळबद्दल मला याहून जास्त काही सांगायचं नाही.

तक्रारीत काकांनी एक वाक्य जसंच्या तसं दिलं आहे. "एक दिवस शांत झोपू दिलं नाहीस, तूच मारलंस त्यांना," असं घरच्याच व्यक्तीने वहिनीला तोंडावर सांगितलं, असं त्यात आहे. ती घरची व्यक्ती मी आहे. बुधवारी दुपारी, घर माणसांनी भरलेलं असताना, मी ते आईला म्हणाले. काका दारात उभे होते. आईने मला पाण्याचा ग्लास दिला. त्यानंतर आमचं त्यावर बोलणं झालेलं नाही. काकांकडे छळाचा पुरावा म्हणून एवढंच आहे आणि तेही माझ्याकडून उचललेलं.

ते मी खोटं बोलले. मला कोणावर तरी चिडायचं होतं आणि बाबा समोर नव्हते. मी बाबांवर चिडलेली होते, अजूनही आहे. येतोच म्हणाले आणि आले नाहीत. त्यात आईचा काही दोष नाही. ते वाक्य मी मागे घेते.

वरचा सगळा मजकूर बाईंनी मोठ्याने वाचून दाखवला. आई शेजारच्या खुर्चीत बसून ऐकत होती. काही बदलायचं आहे का, असं विचारल्यावर मी नाही म्हटलं. तेव्हा आई म्हणाली, "बाई, शेवटी एवढं घाला. तिच्या त्या बोलण्याचं मला काही वाटलं नव्हतं."

हे खोटं आहे. ते तसंच राहू द्या, असं मी सांगितलं. बाकी सर्व मजकूर मी सांगितल्याप्रमाणे खरा आहे.