कोंड्याच्या भावात

माझं शिक्षण चौथीपर्यंतच. अक्षर किरटं आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकतं. कुणाच्या हाती हे पडलंच तर सांभाळून घ्यावं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, आम्ही टाकव्याहून परत आल्यावर तांदूळ निवडता निवडता जे बोलल्या, ते त्यांच्याच बोलीत उतरवलं आहे.

माझं माहेर टाकव्याचं, ते तर तुला ठाऊकच हाय. माझ्या आधीची भावंडं एकामागं एक पाळण्यातच गेली, मग मी झाले तशी आजी आईला म्हणली, हिला आपली म्हणू नको, इकून टाक. आमच्याकडं तशी रीतच व्हती, पोर दुसऱ्याची झाली की सटवाई तिच्याकडं बघत न्हाई. शेजारी मणियाराचं घर, बांगड्यांचा धंदा, त्यातली हलिमामावशी आईची जिवाभावाची. तिनं आमच्या दारात सूपभर कोंडा अन् वर एक ढब्बू पैसा ठेवला अन् मला उचलून नेलं. कोंड्यावर गेले म्हणून कोंडाबाई. दूध पाजायला परत आईकडंच दिली, पण मालकी मावशीची. लगीन ठरलं की कोंडा अन् पैसा परत करायचा अन् पोर सोडवायची, असं ठरलेलं.

काय सांगू तुला, माझं जावळ मावशीच्या दारात, पहिला परकर मावशीचा, बांगड्या तर काय, फुटायची खोटी. पण आई मला कधी लेक म्हणली न्हाई. कुणी म्हणलं पोर गोड हाय, की आई म्हणायची, कसली गोड, कोंड्याच्या भावात गेलेली ती, मावशीची पोर. ताटात साय मात्र माझ्याच पडायची. मला ते कळायचं न्हाई, मी आपली वाट बघायची, कधी एकदा सोडवती अन् लेक म्हणती.

मग भाज्याचं हे स्थळ आलं, हळदीचा दिवस उजाडला. माझ्या अंगाला हळद लागली तशी आई कोंड्या-पैशाचं सूप घेऊन निघाली, मी मागं. मावशीच्या उंबऱ्यापाशी गेली अन् थबकली. म्हणली, नको गं हलिमा, ऱ्हाऊ दे तुझ्याच नावावर, आजवर जगली, आता आपली म्हणायला जावं अन् काय इपरीत व्हावं. मला रडूच फुटलं. म्हणलं, मग मी सासरी कुणाची म्हणून जाऊ?

मावशी बाहेर आली, कमरेवर हात ठेवून म्हणली, घेतली तवा उंदराएवढी व्हती, कोंड्यालाबी महाग, आता खाऊन-पिऊन टुणटुणीत झाली तर त्याच भावात नेतीस व्हय गं? आण हिकडं. तिनं कोंडा घेतला, कोंबड्यांपुढं टाकला. पैसा मात्र माझ्या मुठीत दाबला अन् आईला म्हणली, ह्यो बाकी. सटवाईनं इचारलं तर सांग, अजून फेड व्हायची हाय, थोडी माझीच हाय. आता म्हण की लेक.

आई माझ्याकडं वळली. मग माझी लेक, माझी लेक करत अशी माझ्या गळ्यात पडली की अंगाची हळद तिलाबी लागली. मावशी म्हणली, पुरं गं बयो, नवऱ्याकडनं आलेली हळद सगळी तूच लावून घेतीस व्हय?

तो पैसा मी हितं देव्हाऱ्यात ठेवला, तू रोज पुसायचीस तोच. माझी चारी बाळंतपणं नीट झाली, दर खेपेला मावशी मळवलीला गाडीतनं उतरून बांगड्यांची पेटी डोक्यावर घेऊन चालत आली. आई गेली तवाबी माझ्यापाशी तीच बसली. दोन आयांची माया मिळाली मला, कुणाला मिळती?

अन् आता तुझ्या पोराचं जावळ काढून त्याला मावशीकडं दाखवायला नेलं, तू लाजून दारातच उभी व्हतीस. मावशीला दिसत न्हाई आता. तिनं पोराच्या गुळगुळीत डोक्यावरनं हात फिरवला, हसली, अन् तळवा माझ्यापुढं धरला. आण माझा ढब्बू पैसा. नातवंडाची झालीस, आता तुला कशाची भीती?

मी नेलाच व्हता, कसा कुणास ठाऊक. ठेवला तळव्यावर. उरलेल्या एका दातानं चावून बघितला तिनं.

पुरा आला गं, म्हणली. आता सगळीच्या सगळी आईची झालीस.