दगाची बोटं आणि सायकलीचा स्टेम

...नाही, पण सायकलीच्या दुकानात माणसाला मोजतात हो! माणसाला! आणि इथे आम्ही सगळे महिनाभर दगाच्या हातांनाच दोष देत बसलो! कुणी शुगर म्हणालं, कुणी वारं म्हणालं, त्याच्या बायकोच्या, पुष्पाबाईच्या, एका मामाने तर सरळ लकवाच म्हणून टाकलं, आणि तो बिचारा दगा पडल्या पडल्या स्वतःची बोटं उलटीसुलटी करून बघतोय... ही माझीच ना?

तुम्हाला सांगतो, दगा म्हणजे आमचा इथला, सुरतेतल्या लिंबायतचा शेजारी, मूळचा धुळ्याकडचा. बमरोलीला लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात उभी हयात गेली. लूमवर धागा तुटला की मशीन थांबतं, मग तुटकी टोकं शोधायची आणि गाठ मारायची. दगाची गाठ काय सांगू! हात हललेला दिसायचा नाही आणि मशीन पुन्हा खडाडखडाड सुरू! अशा माणसाच्या बोटांना एकदम मुंग्या. धागा चिमटीत आहे की नाही हेच कळेना! हा आपला हवेतच गाठी मारतोय आणि मशीन ढिम्म...

शेठ मागे येऊन उभे. "दगाभाई, मशीन बंध केम छे?" काय सांगणार? बोटं सापडत नाहीत म्हणून? पुन्हा आले, पुन्हा बंद. मग फार गोड आवाजात म्हणाले, "हवे आराम करो, भाई. दिवाळी सुधी जोईए." दिवाळीपर्यंत बघू! लूमवाल्याला 'आराम करा' म्हणजे काय, कळलं ना? घरी बसा!

दगा भरदुपारी घरी. पुष्पाबाई विचारते, "काय व्हयनं? बोला ना!" हा म्हणतो, "काही नही." आणि चहाचा कप धरायला गेला तो कप फरशीवर! मग डॉक्टर. रक्त तपासलं, शुगर नाही. मानेचा फोटो काढला, मान ठीक. डॉक्टर म्हणे, "काका, वय झालं आता." अहो, पन्नाशी नाही गाठली अजून त्याने!

आता सायकल कुठून आली म्हणता? सांगतो की! त्याचा मुलगा धर्मेंद्र, ताडमाड उंच. वापीला नोकरी लागली तसा, या मुंग्यांच्या थोडं आधीच, आपली गिअरची सायकल बापाला देऊन गेला. "पप्पा, आता तुम्ही चालवा, ऐश करा." ऐश! दगा बुटका, सायकल धर्मेंद्रच्या मापाची. रोज कारखान्यात जाताना हा तिच्यावर असा पसरायचा, की वाटावं हँडल पुढे पळतंय आणि हा त्याला पकडायला निघालाय! सगळी गल्ली बघायची. मीही बघायचो, हसायचो. पण त्या हाताचा या हँडलशी काही संबंध असेल... छे! कुणाच्या डोक्यात येतंय!

आलं ते खालच्या घरातल्या शोभाबाईच्या हर्षदाच्या. ही पोरगी अडाजणला सायकलीच्या मोठ्या दुकानात असते, माणसाला सायकल बसवून देण्याचं रीतसर शिकलीय. एका सकाळी ती स्कूटरवर, दगा सायकलवर, समोरासमोर. तिने ब्रेकच मारला. "काका, थांबा! तुमचे हात सुन्न होतात का?"

दगा सायकलीवरून खालीच उतरला. "तुले कोनी सांगं?"

"तुमच्या कोपरांनी."

रविवारी दुकानात गेलो, मीही सोबत. तिने सायकल स्टँडवर चढवली, टेप काढली, आणि मला वाटलं आता सायकल मोजणार. छे! दगाला मोजायला लागली! माणसाला मोजतात हो! खांद्यापासून मनगट, कमरेपासून गळ्याचा खड्डा... दगा हात पसरून, श्वास रोखून उभा. जन्मभर दुसऱ्यांसाठी कापड विणलं, पण त्याच्या अंगाला टेप कधी लागली होती का? शर्टसुद्धा ढिगातून उचललेला!

मग त्याला वर बसवलं. आधी सीट खाली घेतली. "मारा पॅडल. समोर बघा." ती बाजूला उभी राहून नुसती बघतेय. म्हणाली, "हात ताठ होतात काका, अंगाचा सगळा भार तळव्यांवर येतो. तिथली नस दबते." आणि बोट ठेवलं कशावर? हँडल आणि पुढची उभी नळी यांना जोडणारा एक ठेंगणा तुकडा. स्टेम म्हणतात त्याला. मी लगेच शहाणपणा केला, टेप घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत लावली. "असं नाही हो! नळीच्या मध्यापासून हँडलच्या मध्यापर्यंत." बारा सेंटिमीटर. तिने दहाचा लावला, दगाला चालवायला लावलं, मान हलवली, काढला. आठचा लावला.

आणि तुम्हाला सांगतो, दगाचे खांदे खाली आले! कोपरं सैल पडली, मान वर झाली, आणि तो माणूस त्या उभ्या सायकलीवर असा बसला, जसा आपल्या ओट्यावर बसतो. दोन बोटांचा फरक हो! आम्ही रक्त तपासतोय, फोटो काढतोय... आणि दोन बोटं!

दगा हळूच म्हणाला, "हँडल मनाकडे उनं वं पोरी." खरंच, आता हँडलच त्याच्याकडे आलं होतं!

हर्षदाने बजावलं, नस आहे, लगेच सुटणार नाही. नाहीच सुटली. पुष्पाबाई रोज त्याच्या बोटाला चिमटा काढून विचारायची, "समजस का?" आणि हा नाही म्हणून मान हलवायचा. मग दिवाळी झाली, शेठने त्याला पुन्हा मशीनवर उभं केलं, आणि एके दिवशी लूमवर धागा तुटला. दगाने टोक उचललं, आणि... लागलं! केसाहून बारीक ते सूत बोटाला लागलं! गाठ बसली, मशीन सुरू झालं, आणि त्या खडखडाटात हा माणूस ढसाढसा रडला, शेजारच्या मशीनवाल्यालासुद्धा ऐकू गेलं नाही. मला सांगताना पुन्हा रडला. मीही... असो. माणसाला मोजतात हो, आणि तो सापडतो!

शेठने आठवडाभर लांबून पाहिलं, मग जवळ आले. "वाह दगाभाई! हाथ तो जुवान थई गया!" आणि खूश होऊन आणखी चार मशीनं दिली सांभाळायला! आता दगा त्या मशीनांमधून दिवसभर येरझाऱ्या घालतो, घरी येतो तो पाय सुजवून. परवा पुष्पाबाई म्हणाली, "हर्षदाले इचारा ना, पायस्नं काय करानं?"

दगा भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "पायस्ले स्टेम नही राहस वं. झोपू दे माले."